पाहुण्यांची पुस्तिका

मोठ्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचे यजमानपद ज्या शहराच्या वाट्याला येते ते शहर सामन्यांच्या आधी पाहुण्यांसाठी एक माहितीपुस्तिका सिद्ध करते, हा आता जगभरचा शिरस्ता झाला आहे. पूर्वी ती कागदावर छापून स्थानकांवर वाटली जात असे, आता ती बहुधा मोबाइलच्या पडद्यावर वाचावी लागते. आतला मजकूर मात्र फारसा बदललेला नाही. विमानतळावरून गावात कसे यावे, मैदानाकडे कोणती गाडी जाते, पाणी कोठे मिळेल, बरोबर केवढी पिशवी चालेल, सामना संपल्यावर परत कसे फिरावे आणि आजारी पडल्यास कोणाकडे धाव घ्यावी, एवढेच त्यात असते. असल्या मजकुरावर पहिल्या पानावर अग्रलेख लिहावयाचा म्हणजे किराणा मालाच्या यादीचे रसग्रहण करावयाचे, असे आमच्या काही वाचकांना वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. शहराचे कारभारी सभांतून जी आश्वासने देतात ती टाळ्यांबरोबर विरून जातात. या पुस्तिकेतील प्रत्येक ओळ मात्र लेखी वचन असते, आणि ते पाळले गेले की नाही याचा निकाल पन्नास हजार परकी माणसे एकाच संध्याकाळी देऊन मोकळी होतात.

उदाहरणासाठी आम्ही स्टुटगार्ट हे शहर घेतो. त्याला कारण आहे. दक्षिण जर्मनीतील हे सहा लाख वस्तीचे शहर १९६८ पासून मुंबईचे भगिनी-शहर आहे. या नात्याची आठवण आपल्यापैकी फारच थोड्यांना असेल. स्टुटगार्टकर ती अधिक जपतात. तेथे २००४ पासून भारतीय चित्रपटांचा महोत्सव भरत आलेला आहे. ज्या मोटारींमुळे हे गाव जगास ठाऊक झाले त्यांचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे, तेव्हा मराठी माणसाला ते अगदीच अपरिचित म्हणता येणार नाही. १४ जून ते १४ जुलै २०२४ या महिन्यात जर्मनीत युरोपीय अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. चोवीस संघ, एक्कावन्न सामने आणि दहा यजमान शहरे, असा तिचा पसारा. स्टुटगार्टच्या वाट्याला पाच सामने आले. तीन वर्षांपूर्वी कोपनहेगनच्या मैदानावर हृदय बंद पडून कोसळलेल्या डेन्मार्कच्या एरिक्सनने स्लोव्हेनियाविरुद्ध गोल केला तो येथेच. स्कॉटलंडची आशा हंगेरीने भरपाईच्या दहाव्या मिनिटाला संपवली ती येथेच. आणि ५ जुलै रोजी जादा वेळ संपावयास एक मिनिट उरले असता स्पेनच्या मेरिनोने डोक्याने गोल मारून यजमान जर्मनीला घरी पाठविले तेही याच मैदानावरून. ‘घरी पाठविले’ हा शब्दप्रयोग येथे थोडा विचित्र ठरतो, कारण ते घरीच होते. असो.

पाहुण्याला या शहराने काय सांगितले? मोटार आणू नका, ही पहिली गोष्ट. ज्या गावाने जगाला मोटार दिली त्याने पाहुण्याला मोटार आणू नका म्हणावे यात थोडी मौज आहे. पण ते नुसते सांगणे नव्हते. सामन्याच्या तिकिटातच छत्तीस तासांचा स्थानिक प्रवास अंतर्भूत होता. सामन्याच्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत आगगाडी, ट्राम, बस यांपैकी काहीही घ्या, वेगळे तिकीट नको. मुख्य स्थानकापासून मैदानाजवळचे स्थानक गाडीने दहाएक मिनिटांवर. आणि ट्रामचा एक मार्ग तर असा आहे की तो केवळ सामने व मेळे यांच्या दिवशीच मैदानापर्यंत धावतो. पिशवी ए-४ कागदाच्या आकाराहून मोठी असू नये, असा स्पर्धेचा नियम होता. तो आधी सांगितला गेला म्हणून दारातली हुज्जत टळली. ज्यांच्याजवळ तिकीट नाही त्यांच्यासाठी गावाच्या मध्यभागी राजवाड्यासमोरच्या चौकात मोठा पडदा लावलेला होता.

या साऱ्यात थोर असे काय आहे, असे कोणी विचारील. थोर काही नाही. पण हे घडण्यासाठी काय काय आधी घडलेले असावे लागते त्याचा विचार करावा. स्टुटगार्टच्या परिसरात आगगाडी चालविणारी संस्था वेगळी, ट्राम चालविणारी वेगळी, गावोगावच्या बसगाड्यांचे मालक तर आणखी वेगळे. परंतु १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून या सर्वांनी मिळून एक संघ उभारलेला आहे आणि उतारूला एकच तिकीट पुरते. जर्मन रेल्वे मध्यवर्ती सरकारच्या मालकीची, ट्राम नगरपालिकेची. दोघींचे पटतेच असे नव्हे. पण त्यांच्यातील जमाखर्चाचे भांडण उतारूच्या खिशात आणि पायांत येत नाही. पुस्तिकेतील ‘वेगळे तिकीट नको’ या तीन शब्दांमागे सुमारे पंचेचाळीस वर्षांची ही व्यवस्था उभी होती. स्पर्धेसाठी तिच्यावर फक्त एक ओळ जोडावी लागली.

जर्मनांचे हे कौतुक ऐकून कोणास वाटेल की आम्ही परदेशी शिस्तीचे पोवाडे गाण्यास बसलो आहोत. तसे नाही, कारण याच स्पर्धेत जर्मन शिस्तीचे पितळ चांगलेच उघडे पडले. गेल्झेनकिर्खन येथे १६ जून रोजी इंग्लंड-सर्बिया सामन्यानंतर हजारो प्रेक्षक ट्रामची वाट पाहात ताटकळले. स्पर्धेचे संचालक फिलिप लाम, जे स्वतः विश्वविजेत्या संघाचे कर्णधार होते, ते रेल्वेने निघाले आणि गाडी लांबल्यामुळे ड्यूसेलडॉर्फचा सामना सुरू झाल्यानंतर पोहोचले. उपांत्य सामन्यास निघालेल्या डच संघाची गाडीच रद्द झाली आणि खेळाडूंना विमानाने डॉर्टमुंड गाठावे लागले. २०२४ या साली जर्मनीतील लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी शेकडा सुमारे बासष्टच वेळेवर पोहोचल्या. वर्षानुवर्षे रुळांची आणि सिग्नलांची दुरुस्ती पुढे ढकलली, तिचे बिल पाहुण्यांच्या देखत आले.

स्टुटगार्टमध्ये तर हे बिल सर्वांच्या डोळ्यांसमोर खड्ड्याच्या रूपाने पडलेले होते. तेथील मुख्य स्थानक जमिनीखाली नेण्याचा प्रकल्प २०१० साली सुरू झाला. त्याविरुद्ध नागरिक रस्त्यावर उतरले, त्या वर्षी ३० सप्टेंबरला पोलिसांनी त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडले, आणि पुढल्या वर्षी त्या प्रांतातली सत्ता उलटली त्यात या प्रकरणाचाही वाटा होता. स्थानक २०१९ मध्ये पुरे व्हावयाचे होते. खर्च साडेचार अब्ज युरोंवरून अकरा अब्जांच्या वर गेला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पाहुणे आले तेव्हा ते कुंपणांच्या आणि तात्पुरत्या पुलांच्या वळणावळणाने फलाटावर पोहोचत होते. ही हकीकत आम्ही मुद्दाम सांगत आहोत. रखडलेला पूल आणि फुगलेला खर्च ही केवळ आपलीच मिरासदारी आहे अशी जी एक आत्मनिंदेची खोड आपल्या सुशिक्षित वर्गास जडली आहे, ती सुटलेली बरी. ज्यांच्या योजना रखडतात तेही, खड्डा शेजारी असताना, पाहुण्याला सुखरूप मैदानापर्यंत नेऊन परत आणू शकतात. कारण खड्ड्याच्या कडेने जाणारी तात्पुरती वाट रुंद ठेवावी एवढे भान त्यांना असते.

या मैदानाविषयी आणखी दोन शब्द लिहिल्याशिवाय आम्हांला पुढे जाववत नाही. ते १९३३ साली पाउल बोनाट्झ या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार उभे राहिले. गावचे जुने स्थानकही त्याचेच. त्या वर्षी जर्मनीत कोणाची सत्ता आली होती हे वाचकांस ठाऊक आहे, आणि मैदानास नाव मिळाले तेही त्या सत्ताधीशाचेच. १९४५ नंतर ते नाव गेले. नेकार नदीचे नाव आले, मग मोटारीच्या जनकाचे, मग मोटारीचे, मग एका सल्लागार कंपनीचे. आणि या स्पर्धेपुरते संयोजकांच्या नियमामुळे नुसते शहराचे. याच मैदानावर २२ नोव्हेंबर १९५० रोजी महायुद्धानंतरचा पहिला जर्मन आंतरराष्ट्रीय सामना झाला. जर्मनीशी तेव्हा खेळावयास कोणी तयार नव्हते. स्वित्झर्लंड आले. लाखभर माणसे उभ्याने तो सामना पाहण्यास लोटली आणि जर्मनीने तो एका गोलाने जिंकला. चाळीस वर्षांनी दोन्ही जर्मनी एक झाल्यावरचा पहिला सामनाही १९ डिसेंबर १९९० रोजी येथेच झाला, आणि पाहुणे पुन्हा स्वित्झर्लंडच. पाहुणा येणे ही केवढी गोष्ट असते हे या मैदानाइतके फार थोड्या मैदानांना कळले असेल.

त्याच गावात जुन्या नॉर्थ स्टेशनच्या आवारात एक स्मारक आहे. तेथून १ डिसेंबर १९४१ रोजी सुमारे एक हजार ज्यू स्त्री-पुरुष-मुलांना रीगा येथे मृत्यूच्या दिशेने गाडीत घालून पाठविण्यात आले. रूळ तसेच ठेवले आहेत, भिंतीवर नावे आहेत. २००६ साली, म्हणजे विश्वचषकाचे पाहुणे याच शहरात आले त्याच वर्षी, ते स्मारक खुले झाले. आपले काळे पान झाकून ठेवण्याची सोय असतानाही जे शहर ते उघडे ठेवते, त्याच्या पुस्तिकेतील गोड शब्दांवर विश्वास ठेवावयास आमची हरकत नाही.

आता आपल्याकडे वळू.

मुंबईच्या परिसरात असा प्रसंग येऊन गेलेला आहे. सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झाली, नव्या मुंबईतील नेरूळचे मैदान तिच्या सहा मैदानांपैकी एक होते. गोव्याचे फातोर्डा हे दुसरे. ६ ऑक्टोबर रोजी नेरूळला न्यूझीलंड-तुर्कस्तान आणि पाराग्वे-माली असे दोन सामने झाले, आणि २५ तारखेस उपांत्य सामन्यात स्पेनने मालीला तीन विरुद्ध एक असे हरविले. सामने चांगले झाले, पाहुणे समाधानाने परतले. त्या आधीच्या शुक्रवारी काय झाले होते? २९ सप्टेंबर रोजी सकाळी, पाऊस पडत असताना, एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसे मेली. पहिल्या सामन्यास तेव्हा बरोबर एक आठवडा उरलेला होता.

पाहुण्यांचा त्या पुलाशी काही संबंध नव्हता हे आम्हांला मान्य आहे. नेरूळला जावयास तो पूल ओलांडावा लागत नाही. आमचे दुःख नेमके तेच आहे. पाहुण्याची वाट आम्ही निराळी काढतो आणि ती नीट आखतो. घरच्या माणसाची वाट तशीच राहते. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० च्या बैठका येथे झाल्या तेव्हा रस्त्याकडेच्या झोपड्या दिसू नयेत म्हणून पडदे लावल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली होती. स्टुटगार्टचा पाहुणा ज्या ट्रामने मैदानावर गेला तीच ट्राम दुसऱ्या दिवशी तेथील शाळामास्तरांना आणि परिचारिकांना कामावर नेत होती. आपल्या उपनगरी रेल्वेवर रोज सत्तर लाखांच्या आसपास माणसे प्रवास करतात आणि वर्षाला दोन हजारांहून अधिक मरतात. कोणत्या पुस्तिकेत ही माहिती छापावयाची? एल्फिन्स्टनच्या दुर्घटनेनंतर लष्कराला पाचारण करून तीन पूल बांधवून घेतले गेले आणि ते २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुले झाले. म्हणजे पाच महिन्यांत पूल होऊ शकतो, हे वरातीमागून आलेल्या घोड्यांनी का होईना सिद्ध केले. स्थानकाचे नावही त्याच वर्षी प्रभादेवी झाले. नाव बदलणे आम्हांलाही आवडले. पण पुलाची रुंदी आधी बदलली असती तर अधिक आवडले असते.

मुंबई गरीब आहे, दाट आहे, सहा लाखांच्या गावाशी तिची बरोबरी काय, हा आक्षेप आम्ही गृहीत धरूनच लिहीत आहोत. स्टुटगार्टचे वैभव आम्हांला नकोच आहे. आम्ही जे मागतो आहोत त्याला फारसे पैसे लागत नाहीत, आणि ते न केल्याची किंमत काय असते ते अलीकडच्या दोन प्रसंगांनी दाखविले आहे. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत अकरा माणसे चिरडून मेली. मिरवणूक निघणार की नाही आणि आत कोणास सोडणार, याविषयी त्या दिवशी परस्परविरोधी सूचना लोकांपर्यंत गेल्या होत्या. १३ डिसेंबर २०२५ रोजी कलकत्त्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मेस्सी आला, तेव्हा हजारो रुपये मोजून बसलेल्या प्रेक्षकांना भोवती जमलेल्या मान्यवरांच्या गराड्यामुळे तो धड दिसलाच नाही, आणि खुर्च्या व बाटल्या मैदानात येऊन पडू लागल्या. या दोन्ही ठिकाणी उणीव होती ती एका विश्वसनीय कागदाची. प्रवेश कोणास, किती वाजता, कोणत्या दाराने आणि परतीची वाट कोणती, एवढे एकाच अधिकाऱ्याच्या सहीने आदल्या दिवशी जाहीर झाले असते तर निदान बंगळूरची काही माणसे आज घरी असती, असे आम्हांला वाटते.

आपल्याकडे ही सही करणार कोण? नेरूळचे मैदान नव्या मुंबईच्या महापालिकेच्या हद्दीत, जमिनीचा इतिहास सिडकोचा, हार्बर मार्ग मध्य रेल्वेचा आणि म्हणून अखेर दिल्लीचा, बस कोणा दोघा-तिघांच्या, महामार्ग आणखी कोणाचा, रहदारी पोलिसांची आणि तिकीट आयोजकाचे. प्रत्येकजण आपापल्या हद्दीचे पत्रक काढतो. महानगरांत सर्व वाहतुकीसाठी एकच प्राधिकरण असावे, ही शिफारस २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच केलेली आहे. वीस वर्षे ही शिफारस परिषदांतून वाचली जात आहे. सामन्याच्या तिकिटात लोकलचा आणि बसचा प्रवास धरावयाचा झाला तर आज किती दारे ठोठवावी लागतील, याचा हिशेब एखाद्या आयोजकाने करून पाहावा.

एक गोष्ट भाषेविषयीही सांगितली पाहिजे. अशा पुस्तिका आपल्याकडे इंग्रजीत निघतात, कारण पाहुणा परदेशी असतो अशी कल्पना असते. प्रत्यक्षात नेरूळच्या मैदानावर बसलेल्या प्रेक्षकांत ज्यूरिखहून आलेले किती आणि डोंबिवली, कळवा, पनवेल येथून आलेले किती? पोराला खांद्यावर घेऊन पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या मैदानावर येणारा बाप हाही त्या संध्याकाळपुरता पाहुणाच असतो. त्याला स्वच्छतागृह कोठे आहे, मूल हरवल्यास कोठे जावे आणि कोणत्या दाराने बाहेर पडावे हे मराठीत सांगितले पाहिजे. त्याच्या बरोबर आलेल्या बायकोला आणि बहिणीला रात्री स्थानकापर्यंतचा रस्ता उजेडाचा आहे की नाही हे कळले पाहिजे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी याच मैदानावर भारतीय मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. पावसामुळे तो अंतिम सामना सुमारे दोन तास उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपला. आनंदाने वेड्या झालेल्या त्या हजारो लोकांत, शेवटची लोकल किती वाजता आहे, ही चिंता ज्यांच्या मनात सातव्या षटकापासून होती अशी मुंबईकर माणसे काही थोडी नसतील.

२०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत, आणि त्यापुढे ऑलिंपिकचे स्वप्न देशाने जाहीरपणे बाळगलेले आहे. मुंबईनेही मोठी स्पर्धा मागावी, अवश्य मागावी. १८९० च्या दशकापासून रोव्हर्स चषकाचे सामने खेळवलेल्या, कूपरेजच्या लाकडी बाकांवर तीन पिढ्यांनी बसून फुटबॉल पाहिलेल्या या शहराचा तो हक्क आहे. परंतु अर्ज करण्यापूर्वी आमची एक सूचना राज्य सरकारने, रेल्वेने आणि दोन्ही महापालिकांनी मिळून अंमलात आणावी. नेरूळला किंवा वानखेडेवर यापुढे जो पहिला मोठा सामना असेल त्याच्या प्रत्येक तिकिटाच्या मागे, मराठीत आणि ठळक अक्षरांत, चार गोष्टी छापाव्यात: मैदानास जवळची दोन स्थानके, बाहेर पडण्याचे दार, मदतीचा एक दूरध्वनी क्रमांक आणि सामना कितीही लांबला तरी त्यानंतर अर्ध्या तासाने सुटणाऱ्या जादा गाडीची हमी. त्या हमीखाली रेल्वेच्या जबाबदार अधिकाऱ्याचे नाव असावे. हे करावयास नवा कायदा लागत नाही आणि पूलही बांधावा लागत नाही. मंत्रालयातील एका खोलीत सहा माणसांना एक दुपार एकत्र बसावे लागेल.